अंदमान, दोन मुलं आणि खोडलेले पॉइंट

गोट्या ९ फेब्रुवारीला दोन वर्षांचा होणार होता आणि त्यानंतर विमानात त्याचं पूर्ण तिकीट काढावं लागणार होतं. आमच्या अंदमानच्या सहलीचं मूळ कारण एवढंच. ‘मुलांना समुद्र दाखवू’ वगैरे नंतर चिकटवलेलं. माझं माहेर गुहागरचं, मुलांना समुद्राचं काय कौतुक! पण नवऱ्याच्या दहा सुट्ट्या मार्चअखेर वाया जाणार होत्या, आणि सासूबाई कधीपासून म्हणत होत्या, “एकदा सावरकरांची कोठडी बघून या रे.” गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला जमण्यासारखं नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये जाऊन आलो. मधल्या काळात मी रात्र रात्र जे शोधत होते, ते म्हणजे साडेपाच वर्षांची मुलगी आणि दुपारी दोन तास झोपल्याशिवाय माणसात न येणारं पोर घेऊन कुणी तिथे गेलं होतं का, आणि गेलं असेल तर त्यांचं नेमकं काय झालं. सापडले ते सगळे हनिमूनचे फोटो. म्हणून हे लिहून ठेवतेय.

सुरुवात सगळ्यांसारखीच, ट्रॅव्हल एजंटपासून. त्याने पाठवलेला कार्यक्रम सहा रात्री, सात दिवसांचा होता. पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल आणि संध्याकाळी तिथला लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी रॉस बेट आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी हॅवलॉक बेट, चौथ्या दिवशी एलिफंट बीच, पाचव्या दिवशी नील बेट, सहाव्या दिवशी परत येऊन बाराटांग. बाराटांगसाठी हॉटेलातून निघायची वेळ लिहिली होती पहाटे तीन. चार जणांचे ७८,००० रुपये, विमान वेगळं.

मी कागद प्रिंट करून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला आणि रोज एकेक गोष्ट खोडत गेले. सगळ्यात आधी बाराटांग. एक तर पहाटे तीनला उठवलेला गोट्या दिवसभर काय करतो ते आम्हाला माहीत आहे. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या जिरकाटांगच्या चौकीवरून ताफ्याने सोडतात, फोटोला बंदी आहे. बंदी असूनही लोक काचेला नाक लावून बसतात असं ऐकलं होतं. माणसं बघायला जाणं मला पटत नाही. मग नॉर्थ बे खोडलं, मग एलिफंट बीच, आणि शेवटी, खूप जीव खालीवर करून, नील. नीलला जायचं म्हणजे अजून दोन बोटी, अजून एक हॉटेल, अजून एकदा बॅगा भरणं. नवरा म्हणाला, “एवढ्या लांब जाऊन फक्त एकच बेट?” मी म्हटलं, बॅगा तू भरणार असशील तर दोन करू. विषय संपला.

एजंटला नवा कार्यक्रम सांगितला, तर किंमत तीच. कमी ठिकाणं, कमी बोटी, पैसे तेवढेच! ५,००० रुपये आगाऊ दिले होते, त्यातले २,००० कापून त्याने परत केले. त्या २,०००त मी एक धडा विकत घेतला असं समजून पुढचं सगळं घरीच केलं.

याच काळात एक गोष्ट लक्षात आली, आणि आमची सगळी सहल पुढे तिच्यावरच बेतली गेली. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतात. मुंबई त्याच्या पश्चिमेला, जवळजवळ ७३ अंशांवर. पोर्ट ब्लेअर पूर्वेला, जवळजवळ ९३ वर. वीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे घड्याळ एकच असलं तरी तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ऐंशी मिनिटं पुढे असतो. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातला, तिथे पावणेसहाला. मावळतो सव्वापाचला. मोठ्यांना हे गैरसोयीचं वाटतं. ‘पाच वाजता अंधार, मग करायचं काय?’ पण ज्या घरातलं पोर एरवीही साडेपाचला उठून तुमच्या पापण्या उघडून बघतं, त्या घराला याहून सोयीचं बेट मिळणार नाही. उठा, उजेड असेल. सहा वाजता जेवायला घाला, सातला निजवा, अंधार असेल. लाइट अँड साउंड शो त्या क्षणी खोडला गेला.

आता कागदपत्रं. आपल्या नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे जायला परवाना लागत नाही. पण विमानात आणि प्रत्येक बोटीच्या धक्क्यावर ओळखपत्र लागतं, बोटीला मुलांचंही. आणि दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवायचं तर विमान कंपनीला वयाचा पुरावा हवा. मी कपाटातून गोट्याचा जन्मदाखला काढला. सगळं बरोबर. फक्त ‘बाळाचे नाव’ यासमोरची जागा कोरी!

बारशाच्या आधीच रुग्णालयाने नोंद पाठवलेली असते, त्यामुळे हे अगदी सर्रास होतं. मोठीच्या, म्हणजे मनूच्या वेळी आम्ही महिन्याभरात जाऊन नाव घातलं होतं. दुसऱ्याच्या वेळी कुणाला आठवतंय! नियम असा की जन्मनोंदणीपासून एक वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शुल्क किरकोळ असतं, खरी किंमत चकरांची.

पहिली चकर ३ ऑक्टोबरला, नागरी सुविधा केंद्रात. टोकन ११४, चालू होतं ६७. दीड तासाने खिडकीवर पोचले तर अर्जावर नवऱ्याची सही नाही. “दोघांच्या सह्या लागतात मॅडम.” अर्जावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसरी चकर ७ तारखेला. या वेळी सह्या होत्या, पण दाखल्यावर माझं नाव लग्नानंतरचं आणि आधारवर माहेरचं, म्हणून लग्नाच्या दाखल्याची प्रत आणा. ती शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे मोबाइलवरून काढली, तोवर जेवणाची सुट्टी झाली. खिडकीतल्या बाई डबा आवरून परत आल्या, त्यांनी अर्ज घेतला आणि गोट्याचं नाव एकेक अक्षर उच्चारून मला वाचून दाखवलं. “आत्ताच बघा. एकदा छापलं की दुरुस्तीला परत यावं लागेल.” स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त होता. त्या बाईंचे आभार मानावे तेवढे थोडे. २१ ऑक्टोबरला नवा दाखला हातात आला.

तो घेऊन बाल आधार. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं असतं, बोटांचे ठसे घेत नाहीत, आईबाबांपैकी एकाच्या आधारला जोडतात. ते १५ मिनिटांत झालं. वेळ लागला तो मनूचा. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते (पाच ते सात या वयात फुकट होते), आणि तिची बोटं यंत्र काही केल्या वाचेना. ऑपरेटरने तिला बोटं केसांवर घासायला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या केसांना तेल आहे.” “मग तर फारच छान,” तो म्हणाला. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला. तुमच्याही घरी पाच पूर्ण झालेलं मूल असेल तर हे काम प्रवासाच्या दोन महिने आधी करा, आदल्या आठवड्यात नको.

विमानाची तिकिटं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढली. मध्यरात्री निघून पहाटे चेन्नईत बदलायचं असं स्वस्त तिकीट होतं. ते टाळलं. शुक्रवारी १० जानेवारीला संध्याकाळी चेन्नई, विमानतळाजवळ एक रात्र झोप, शनिवारी सकाळी पोर्ट ब्लेअर. हॉटेलचे ३,६०० जास्तीचे गेले, पण सगळ्या सहलीत एवढे सत्कारणी पैसे दुसरे नाही लागले. तीन तिकिटं जाऊन-येऊन ७०,५००. गोट्याचे प्रत्येक उड्डाणाला १,७५० असे चार उड्डाणांचे ७,०००. एक लक्षात असू द्या, मांडीवरच्या बाळाचं वय परतीच्या दिवशीही दोनच्या आत लागतं. सहलीतच वाढदिवस येत असेल तर येताना पूर्ण तिकीट.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय आणि २०१८ पासून हॅवलॉक हे स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप. त्यामुळे एका ठिकाणी जुनं नाव, दुसरीकडे नवं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा तिकीट बघून घाबरल्या, “अगं, हे विजयपुरम कुठलं? चुकीचं काढलंस की काय!”

बोटीचं तिकीट विमानाच्या तिकिटाइतकंच महत्त्वाचं आहे आणि लोक ते शेवटी ठेवतात. सरकारी बोट स्वस्त, हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास घेते, वर मोकळा डेक असतो. खासगी बोट महाग, दीड तासात पोचवते, पण वातानुकूलित आणि बंदिस्त, बहुतेक वेळ आपल्या खुर्चीत. आम्ही खासगी घेतली, माणशी १,६५०. पुन्हा गेलो तर निदान येताना सरकारीने येईन. का ते पुढे कळेल. परतीची बोट विमानाच्या दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र हवीच. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

सामानाबद्दल थोडंच सांगते. स्ट्रोलर नेऊ नका, वाळूत चाकं रुततात. कांगारूसारखी बांधायची पिशवी न्या. मुलांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन आले, त्यांनी वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचं प्रमाण कागदावर लिहून दिलं. बोट लागू नये म्हणून मनूसाठी एक औषध दिलं, गोट्याला काही नको म्हणाले. ओआरएस, कॅलामाइन, थर्मामीटर. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, हळद-मीठ घालून केलेलं खिचडीचं कोरडं मिश्रण, तुपाची छोटी बाटली, दुधाचे छोटे टेट्रापॅक, आलेपाकाच्या वड्या. आणि तिळगूळ, कारण संक्रांत तिथेच येणार होती. आई गोट्याच्या बोरन्हाणावरून थोड्या नाराज होत्या. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं असं मीच त्यांना पंचांग दाखवून पटवलं.

चेन्नईहून सव्वादोन तास. विमान उतरताना गोट्याला बाटलीने पाणी पाजत ठेवलं, कान दुखले नाहीत. वरून पहिल्यांदा बेटं दिसली तेव्हा मनू म्हणाली, “आई, ब्रोकोली.” खरंच तशीच दिसतात. हॉटेलची खोली बाराला मिळणार होती आणि आम्ही नऊलाच हजर. मी आदल्या आठवड्यात फोन करून विनंती करून ठेवली होती म्हणून दहाला मिळाली. त्या दिवशी आम्ही काहीही पाहिलं नाही. झोपलो.

रविवारी १२ तारखेला सकाळची बोट, हॅडोच्या धक्क्यावरून. सरकारी बोटी फिनिक्स बेच्या जेट्टीवरून सुटतात, तेव्हा तिकिटावर धक्का वाचा. आमच्यासमोरच एक कुटुंब चुकीच्या ठिकाणाहून धावत आलं. तासभर आधी पोचायचं, बॅगा तपासून जमा, प्रत्येकाचं ओळखपत्र. गोट्याचं निळं आधार इथे पहिल्यांदा कामाला आलं आणि मला उगाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

बोटीत दोन्ही मुलं पंधराव्या मिनिटाला झोपली. बोट लागली ती नवऱ्याला. ज्या माणसाने मनूला “घाबरायचं नाही हं, समोर लांब बघायचं” असं शिकवलं होतं, तो कागदी पिशवी धरून बसला होता आणि मी एक पोर मांडीवर, एक खांद्यावर घेऊन त्याला आलेपाक पुरवत होते. बंद काचा, थंडगार एसी, बाहेर जायची सोय नाही. मोकळ्या डेकवर त्याला एवढा त्रास झाला नसता.

हॅवलॉकला आमची जागा पूर्व किनाऱ्यावर होती, ‘थेट समुद्रावर’ अशी जाहिरात केलेली. रात्रीचे ६,८०० रुपये, पाच रात्री. नारळाची झाडं, लाकडी खोल्या, पायरी उतरली की वाळू, सगळं फोटोतल्यासारखं. मुलं जेवून झोपली, उठली, आम्ही टॉवेल-बादल्या घेऊन बाहेर आलो, आणि समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण खूप लांब. मध्ये सगळे खडक, चिखल, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे. मी कोकणातली मुलगी, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी समुद्रावर येताना उधाणाचा विचार केला नाही! उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागेही जातं. बाबांना फोन लावला तर ते पोटभर हसले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे त्यांनी आम्हाला लहानपणी पाढ्यांसारखं शिकवलं होतं. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे वेळ पुरती जुळली नाही. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढ-उतार, हे सगळीकडे सारखंच. तिथे पूर्व किनाऱ्यावर राहायचं आणि दारातच मुलांना पाण्यात न्यायचं असेल, तर तारखा काढताना कालनिर्णय बघा. हॉटेलवाले भरतीच्या वेळा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मी चिडून मॅनेजरकडे जायला निघाले होते. मागे वळून बघते तर मनू आणि गोट्या एका खडकातल्या डबक्याशी उकिडवे बसलेले. घोट्याएवढं पाणी, उन्हाने कोमट झालेलं. त्यात बोटाएवढे निळे मासे, आणि तळाला शंख. शंख चालत होते. गोट्याने हात लावला की थबकायचे, पाय आत. तो श्वास रोखून बघत राहायचा, मग एक लाल नांगी बाहेर, मग दुसरी, मग डोळ्यांच्या दोन काड्या. “आऽऽला!” परत हात. परत आत. हा खेळ त्या दिवशी सव्वा तास चालला. लाटा नाहीत, खोल पाणी नाही, धावाधाव नाही. मी खडकावर बसून चहा प्यायले. गरम. घरी गेल्या दोन वर्षांत मी गरम चहा प्यायले नव्हते. मॅनेजरकडे जायचं राहिलं ते राहिलंच.

मनूने एक छान तपकिरी पट्ट्यांचा शंख न सांगता बादलीत आणला. रात्री साडेसातला, मुलं झोपलेली, आम्ही दोघं अंधारात कुजबुजत होतो, तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून खर्र... खर्र... असा आवाज. नवऱ्याने टॉर्च लावला. उंदीर असेल म्हणून मी पलंगावर पाय वर घेतलेले. तो शंख बादलीतून निघून बाथरूमच्या दिशेने निवांत चालला होता. नवऱ्याने त्याला टिश्यूत धरून वाळूवर नेऊन सोडलं आणि परत येऊन म्हणाला, “गेला. घाईत होता.” सकाळी मनूला सांगितलं की तो त्याच्या आईकडे गेला. तिला ते लगेच पटलं. पुढे तिने एकही शंख उचलला नाही, आधी उलटा करून “आहेस का?” असं विचारायची. तिथून प्रवाळ आणि बरेचसे शंख-शिंपले आणायला कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅगा त्यासाठी बघतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

आमचा दिनक्रम मग असा बसला. साडेपाचला सगळे जागे, उजाडत असतानाच वाळूवर. आठला नाश्ता. मग भरतीचं पाणी दारापर्यंत आलं की डुंबणं. बारा ते तीन खोलीत, कडक ऊन. मग डबकी. सहाला जेवण, सातला सामसूम. खिचडीच्या मिश्रणाला मी दोनदाच हात लावला, कारण तिथला स्वयंपाकी बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना या बेटावर जमिनी देऊन वसवलं होतं, त्यामुळे गावंही गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर अशी. डाळ, मऊ भात, माशाचा रस्सा, हे आपल्या पोरांना काही परकं नाही. चहा मात्र पावडरच्या दुधाचा होता, टेट्रापॅक उपयोगी पडले.

१४ तारखेला मी स्वयंपाकीदादांना तिळगूळ दिला आणि मोडक्या हिंदीत ‘गोड बोला’ समजावून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मान हलवून निघून गेले. मला वाटलं आवडलं नसेल. दुपारी त्यांच्या घरून झाकलेली ताटली आली, आत नारळ-गुळाचं सारण भरलेल्या पाटीशाप्टा. त्यांच्याकडेही त्याच दिवशी पौष संक्रांत, घराघरात ‘पिठे’ म्हणजे असेच पदार्थ करतात. नवऱ्याने चार खाल्ल्या आणि बोटीची सगळी भरपाई झाली म्हणाला.

बुधवारी सकाळी गोट्याचे दोन्ही पाय लाल पुटकुळ्यांनी भरलेले. वाळूतल्या बारीक माश्या, सँडफ्लाय. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. एक जागा सुजली आणि गरम लागली तेव्हा मी हादरले. मनात सगळं उभं राहिलं, बोट, विमान, मोठं हॉस्पिटल. रिक्षा करून बेटावरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर, वीस मिनिटं थांबणं, डॉक्टरांनी शांतपणे बघितलं, खाजेचं औषध आणि मलम दिलं, नखं कापायला सांगितली. औषधाला पैसे लागले नाहीत. दोन दिवसांत उतरलं. त्यानंतर संध्याकाळी मुलांना लांब पायजमे आणि वाळूवर थेट न बसवता चटई, एवढं पाळलं.

राधानगरला पाच दिवसांत दोनदा गेलो, जाऊन-येऊन आणि थांबून रिक्षाचे ७०० घेतले. पश्चिमेचा किनारा, लांबलचक, वाळू पिठासारखी, उतार हळूहळू. जीवरक्षक असतात, पोहायची हद्द आखलेली असते, ती ओलांडू नका. बेटांवर काही ठिकाणी मगरींचे फलक आहेत आणि ते शोभेसाठी लावलेले नाहीत. सव्वापाचला सूर्य गेला आणि सगळे जण फोटो काढत असताना आम्ही पहिले रिक्षात, गोट्या वाटेतच झोपला. एकदा नवरा मुलांना घेऊन वाळूत बसला आणि मी एकटी चाळीस मिनिटं पाण्यात पडून राहिले. पाठीवर, कान पाण्याखाली. कुणी ‘आई’ म्हणालं असलं तरी ऐकू आलं नाही.

पैशांचं सांगते. बेटावर एटीएम मोजकी, नेटवर्क येतं-जातं. समुद्राखालच्या केबलने इंटरनेट आलंय २०२० मध्ये, पण आमच्या खोलीत फोन दरवाज्याच्या कडीला टांगला तरच रेंज यायची. पंधरा हजार रोख नेले होते ते पुरले.

शुक्रवारी १७ ला परत पोर्ट ब्लेअर, शनिवारी सकाळी सेल्युलर जेल. आळीपाळीने पाहायचं ठरलं होतं, समोरच्या वीर सावरकर उद्यानात एकाने मुलांना सांभाळायचं. पण मनूला आत यायचं होतं, म्हणून ती माझ्याबरोबर आली. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, शेवटची. साडेचार मीटर लांब, पावणेतीनच रुंद, खिडकी नाही, वर उंचावर एक झरोका. १९११ मध्ये त्यांना इथे आणलं आणि १९२१ पर्यंत ते इथे होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात, आणि किती तरी काळ एकमेकांना पत्ता नाही. मनूने आत पाऊल टाकलं, मान मागे टाकून झरोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, “इथून समुद्र दिसतच नाही.” मग थोड्या वेळाने, “आवाज येत असेल पण.” मला पुढे काही सुचलं नाही. आईंसाठी फोटो काढला, दोघींनी नमस्कार केला. फोटो त्यांना रात्री मिळाला. त्यांचं उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो फोटो त्यांच्या व्हॉट्सअॅपला लागलेला होता.

रविवारी १९ ला विमान. सुरक्षा तपासणीत मनूने स्वतःहून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. वाळू पडली. तपासणाऱ्या बाईंनी ती जाऊ दिली.

हिशेब : विमान ७७,५००, चेन्नईची रात्र ३,६००, पोर्ट ब्लेअरच्या तीन रात्री ९,६००, हॅवलॉकच्या पाच ३४,०००, बोटी ९,९०० आणि गोट्याचे किरकोळ, रिक्षा-टॅक्सी ६,५००, खाणंपिणं १४,०००. म्हणजे १,५५,०००च्या थोडं वर.

यात एक गोष्ट मी धरली नव्हती, ती म्हणजे परत आल्यावरची सुट्टी. सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गोट्या उठला, बादली घेऊन थेट दाराशी गेला आणि दार वाजवायला लागला. बाहेर मिट्ट काळोख, सूर्य उगवायला दोन तास. “वाळू,” तो म्हणाला. हे बुधवारपर्यंत चाललं. नवरा ऑफिसला सोमवारीच गेला होता.